चार सोनेरी दात

मित्रांनो, मी एक जुना मिलिंग कटर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव चांगला नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात. आम्ही दुसऱ्यांसाठी झिजलो, आणि त्यातच आनंद मानला, असं म्हणतात. मीही झिजलो, पण मला त्यात काडीचा आनंद झाला नाही. आणि माझ्या जागेवर दुसरा येऊन बसला तेव्हा तर माझा नुसता जळफळाट झाला. त्या जळफळाटाचीच ही गोष्ट आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलं नसेल. मी वाटीएवढा आहे, टणक पोलादाचा. मला दहा दात आहेत आणि मधोमध एक भोक आहे. यंत्राच्या दांड्यावर मला घट्ट बसवतात. खाली टेबलावर लोखंडाचा ठोकळा बांधलेला असतो. मी गरगर फिरतो, ठोकळा हळूहळू माझ्याखाली सरकतो आणि मी त्याला तासून सपाट करतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. मला आधी कातलं, मग दात पाडले, मग भट्टीत पांढराफटक होईस्तोवर तापवून एकदम गार केलं. त्यानंतर धार लावली, तेलकट कागदात गुंडाळलं आणि आगगाडीने थेट तंजावरला पाठवून दिलं. वाटभर मला भीती वाटत होती की तिकडे आपल्याशी बोलणार कोण. पेटी उघडली तर समोरचा माणूस म्हणाला, "आला की रे बा, वाटच बघत होतों." मराठीच होतं ते, पण जुन्या वळणाचं आणि तमिळ हेल काढून बोललेलं. मला हसू आलं. पुढे तेच कानाला इतकं सवयीचं झालं की आता पुण्याकडचं कोणी बोललं तर मलाच ते तुटक वाटेल.

तो माणूस म्हणजे गुरुमूर्ती, आमच्या कारखान्याचा मिलिंगवाला. कारखाना अनिरुद्धरावांचा. पापनाशमच्या रस्त्याला लागलात की डाव्या हाताला पत्र्याची लांब शेड दिसते, तोच. आसपासच्या गावांतल्या भाताच्या गिरण्यांचं सगळं मोडकंतोडकं आमच्याकडे यायचं. गिरणीवाले सायकलच्या मागे दांडे बांधून आणायचे, कुणी बसच्या टपावर टाकून पाठवायचे. सुगीच्या दिवसांत तर ते दारात बसूनच राहायचे. गुरुमूर्ती त्यांना सांगायचा, थोडा दम धरा, माझा कटर कामावर आहे. "माझा कटर" हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील त्याला गणती नाही. ऐकायला मला फार बरं वाटायचं.

धार गेली की गुरुमूर्ती मला सोडवून घ्यायचा, रॉकेलच्या डब्यात बुचकळून पुसायचा आणि छोट्या ग्राइंडरवर माझा एकेक दात घासून काढायचा. दहाच्या दहा दात सारखे आले की अंगठ्याच्या नखावर धार लावून बघायचा. त्या नखावर बारीक पांढऱ्या रेघाच रेघा होत्या, सगळ्या माझ्या. त्याची बायको म्हणे त्यावरून त्याला चिडवायची. बावीस वर्षं असंच चाललं. दर वेळी घासताना मी थोडा बारीक होत गेलो, पण मला वाटायचं, जाऊ दे, माझ्यावाचून ह्यांचं चालतंय कुठे.

मग नव्वदनंतरची ती वर्षं आली. बाहेरच्या मालाला दारं उघडली, असं अनिरुद्धराव पेपर वाचून सांगायचे. कोइमतूरहून तयार सुटे भाग स्वस्तात यायला लागले. गिरणीवाले दांडा दुरुस्त करायच्या ऐवजी नवाच घेऊन जायला लागले. आमचं यंत्र आठवड्यातून तीन दिवस उभं राहायचं. कोइमतूरचं एक गिऱ्हाईक ते यंत्र विकत मागत होतं. अनिरुद्धराव त्याला नाही म्हणत होते, पण दर वेळी आवाज जरा खाली यायचा. यंत्र गेलं म्हणजे गुरुमूर्ती गेला आणि गुरुमूर्ती गेला म्हणजे मी भंगारात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

अशा वेळी त्रिचीच्या एका मोठ्या कारखान्याने आम्हाला संधी दिली. वीस ठोकळे नमुन्याचे करून द्या, पसंत पडले तर वर्षभराचं काम तुमचं. ठोकळे भलत्याच चिवट पोलादाचे होते. त्यांनी एकवीस पाठवले, एक जास्तीचा, म्हणजे एकच चूक माफ. वीसच्या वीस ठोकळे विजयादशमी धरून चौथ्या दिवशी सकाळी त्रिचीला पोचायला हवे होते. आमचं यंत्र राहणार की जाणार हे त्या वीस ठोकळ्यांवर ठरणार होतं.

अनिरुद्धरावांची मुलगी नित्या नुकतीच इंजिनियरिंगचा डिप्लोमा घेऊन आली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलताना अर्धं तमिळ यायचं. तिने ठोकळ्यावर कानस घासून पाहिली आणि म्हणाली की हे काम जुन्या कटरचं नव्हे. जुना म्हणजे मी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात तसं झालं. मला तळपायही नाही आणि मस्तकही नाही, पण झालं.

तिने एक जाडजूड कॅटलॉग आणला आणि चार संध्याकाळी त्यात डोकं घालून बसली. मी शेजारच्या फळीवरून सगळं ऐकत होतो. ती गुरुमूर्तीला समजावायची की कटर निवडताना आधी तीन गोष्टी बघायच्या: लोखंड कुठलं, यंत्रात ताकद किती, आणि ठोकळा किती घट्ट धरता येतो. गुरुमूर्तीला वाटत होतं की घ्यायचाच तर भरपूर दातांचा घ्यावा. ती म्हणाली, आपलं यंत्र म्हातारं आहे मामा, आठ दात एकदम चावायला लागले तर त्याचा श्वास अडकेल. थोडे दात, प्रत्येकाला भरपूर जागा, आणि धार अशी की ढकलायच्या ऐवजी सोलत जाईल. असा कटर तिने शोधून काढला. चार दातांचा.

चार, मित्रांनो! मला दहा आहेत. मी मनात म्हटलं, येऊ दे हा बोळका.

तो आला निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत. अंग काळंभोर आणि त्यावर चार दात, सोन्यासारखे पिवळेधमक. ते दात त्याचे स्वतःचे नव्हतेच. वेगळे येतात, स्क्रूने आवळून बसवायचे, एक कोपरा बोथट झाला की फिरवून दुसरा पुढे करायचा, चारी कोपरे संपले की फेकून द्यायचे आणि नवा दात लावायचा. ना घासणं, ना नखावर धार बघणं. गल्लीतले लोकसुद्धा बघायला आले. एका गिरणीवाल्याने विचारलं, खरं सोनं काय? बावीस वर्षांत माझ्याकडे त्याने वळून पाहिलं नव्हतं.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी नित्याने एका रद्दी तुकड्यावर त्याला चालवून पाहिलं. मी त्याच कामाला मिनिटाला सत्तर फेरे घेतो. तो पाचशे घेत होता. माझ्यावर गुरुमूर्ती गारव्यासाठी सतत तेल मिसळलेलं दुधाळ पाणी सोडायचा, म्हणून सवयीने त्याचा हात नळाकडे गेला. नित्याने तो धरला आणि सांगितलं की ह्याला पाणी नको, तापलेला असताना एकदम गार झाला तर तडकतो. म्हणजे बघा, आंघोळसुद्धा चालत नाही साहेबांना. पण पृष्ठभाग असा निघाला की त्यात गुरुमूर्तीचा चष्मा दिसला. गुरुमूर्ती बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता चहा प्यायला गेला. ते "न बघता" मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे तुमची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्र बंद. सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, गंध-कुंकू लावतात, सुंडल म्हणजे फोडणीचे हरभरे वाटतात आणि कशालाही हात लावत नाहीत. विजयादशमीला सकाळी सगळ्यांत जुना कामगार पहिला काप घेतो. आणि एक नियम आहे: पूजेचं गंध कुणी पुसायचं नाही. ते पहिल्या कामातच जायला हवं. दरवर्षी माझ्या कपाळावरचं गंध पहिल्या पाण्याबरोबर वाहून जायचं, त्यात काही बिघडत नव्हतं.

पूजा वेंकूबाई करायच्या, म्हणजे अनिरुद्धरावांच्या पत्नी. पहिलं गंध दरवर्षी मला लागायचं. त्या वर्षी त्यांनी पहिलं गंध त्याला लावलं. नित्याने त्याचे दात साफ करायला काढले होते आणि विड्याच्या पानावर ठेवले होते. वेंकूबाईंना वाटलं, पाहुण्याची चारही घरं रिकामी दिसतात, बरं नाही. म्हणून त्यांनी दात बसायच्या चारही खोबणींत बोटाने चांगलं जाड गंध भरलं. मला मात्र उरलेल्यातला एक टिपका मिळाला. रात्रभर मी त्याच्या शेजारी पाटावर होतो. मला पोट नाही, भोक आहे, पण त्या भोकातसुद्धा दुखत होतं.

सकाळी नित्या आपल्या गाण्याच्या गुरूंना नमस्कार करायला तिरुवैयारूला गेली होती, दहाच्या बसने येणार होती. पहिला काप गुरुमूर्तीचा मान. त्याने नव्या कटरला उचललं. खोबणींतलं गंध वाळून दगडासारखं झालं होतं. त्याने ते पाहिलं. क्षणभर थांबला, अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. पूजेचं गंध होतं. त्याने त्यावरच चारही दात ठेवले आणि स्क्रू आवळले.

मी अखंड आहे, माझे दात माझ्या अंगातूनच आलेत, त्यामुळे मला असली भीती नाही. पण त्या चार दातांना बसायला अगदी स्वच्छ, सपाट जागा लागते. आता एक दात गंधावर उंच बसला होता. ते मला कळलं. मी पाटावरून बघत होतो, मला ते सरळ दिसत होतं. आणि मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

यंत्र सुरू झालं. नारळ फुटला. ठोकळा पुढे सरकला आणि उंच बसलेल्या त्या एका दाताने सगळा भार घेतला. टक्क करून आवाज आला आणि दात उडाला. पाठोपाठ दुसरा गेला. ठोकळ्यावर बोट जाईल एवढा चर पडला. जास्तीचा एक ठोकळा होता तो असा गेला.

दहाला नित्या आली तेव्हा अनिरुद्धराव लालबुंद होऊन बसले होते. ते तिला फार बोलले. कॅटलॉगातली यंत्रं वेगळी आणि आपलं वेगळं, चार पुस्तकं वाचून कटर निवडता येत नाही, असं सगळ्यांसमोर बोलले. नवा कटर ती यायच्या आधीच निळ्या डबीत गेला होता. मग गुरुमूर्तीने मला हातात घेतलं, अंगठ्याच्या नखावर माझी धार बघितली आणि म्हणाला, "चल बा, तूंच."

त्या एका शब्दावर मी तीन दिवस काम केलं. खोटं कशाला बोलू, पहिला ठोकळा मी मस्त केला. दीड तास लागला, पण मस्त केला. पण पोलाद कसलं होतं ते, मेलं चिंचोके चावल्यासारखं! दोन ठोकळे झाले की माझी धार जायची. गुरुमूर्ती मला सोडवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. पहिल्या दिवशी तीन झाले, दुसऱ्या दिवशी चार. गुरुमूर्ती जेवायलाही उठेना. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोन झाले आणि दहाव्या ठोकळ्याच्या मध्यावर मला एकदम चटका बसला. धूर निघाला. यंत्र थांबवून बघतात तो माझे तीन दात निळे पडलेले. जळलेला दात घासून परत येत नाही, निदान एका दुपारीत तर नाहीच.

नऊ पुरे, एक अर्धवट, दहा कोरे. अनिरुद्धराव स्टुलावर बसले. आता ते ओरडत नव्हते. त्रिचीला फोन करून नाही म्हणून सांगतो आणि कोइमतूरवाल्यालाही कळवतो, एवढंच ते म्हणाले. नित्याने कॅटलॉग उचलून पिशवीत घातला. तेवढ्यात वेंकूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि सगळ्यांची तोंडं बघून दारातच थांबल्या.

गुरुमूर्तीने मला टेबलावर ठेवलं. निळी डबी उघडली, नव्या कटरचे उरलेले दात सोडवले आणि त्या रिकाम्या खोबणी नित्यासमोर धरल्या. आत पांढरं गंध दिसत होतं, घट्ट.

"पोरी, ह्याची कांहीं चूक नाहीं," तो म्हणाला. "मी गंधावर दात बसवले."

वेंकूबाई म्हणाल्या की गंध तर त्यांनी लावलं होतं, म्हणजे चूक त्यांची.

"नाहीं वहिनी. तुम्ही भक्तीनें लावलें. बसवतांना मलाही ठाऊक नव्हतें. पण पहिला दात उडाला तेव्हांच मला कळलें. तीन दिवस मला ठाऊक आहे." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "बोललों नाहीं. मला बरें वाटलें होतें."

बाहेरून पापनाशमची बस हॉर्न वाजवत गेली. बावीस वर्षं ज्याचा शब्द त्या शेडमध्ये शेवटचा होता, तो माणूस मान खाली घालून उभा होता. तो हलकी गोष्ट बोलला नव्हता. नोकरी जाईल हे त्याला माहीत होतं. ज्या पोरीला त्याच्यापायी तीन दिवस बोलणी बसली ती समोर उभी होती.

नित्याने खोबणीतलं गंध नखाने खरवडून पाहिलं. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "मामा, खोबण पुसायला फडकं द्या."

फडकं वेंकूबाईंनी घेतलं. पूजेचं गंध पुसायचं तर ज्याने लावलं त्याने पुसावं, असं म्हणून त्यांनी ते ओलं केलं आणि चारही घरं स्वतः पुसून काढली. नित्याने फुंकर मारली, डबीतले नवे दात बसवले, डायल लावून चारही एका उंचीचे आहेत का ते दोनदा पाहिलं. अनिरुद्धराव उठले आणि ठोकळा आवळायला लागले. यंत्राची मूठ तिने गुरुमूर्तीला धरायला सांगितली. त्याने धरली नाही. तेव्हा तिने त्याचा हात धरून मुठीवर ठेवला.

मी टेबलावर पडून सगळं बघत होतो. नव्या कटरला आधी माझा अर्धवट ठोकळा दिला. माझ्या निळ्या दातांनी खरवडलेला तो भाग त्याने एका फेरीत लोण्यासारखा साफ केला. माझं काम, मित्रांनो! मला तो आवाज ऐकवत नव्हता. एकेक ठोकळा वीस-पंचवीस मिनिटांत खाली येत होता. दिवे लागायच्या वेळेला उरलेले अकराही ठोकळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच वीसही त्रिचीला पोचले आणि वीसही पसंत पडले. त्यातले नऊ माझे आहेत हे तिकडे कुणाला कळलं नाही. इकडेही कुणी तो विषय काढला नाही, म्हणून मी काढतो.

यंत्र राहिलं. गुरुमूर्तीही राहिला. अनिरुद्धराव त्याला काही बोलले नाहीत, पण महिनाभर त्याच्याशी नेहमीसारख्या गप्पाही मारल्या नाहीत. तो मात्र नित्याजवळ बसून कॅटलॉग शिकला. माझे जळलेले दात त्याने पुढे सावकाश घासून काढले. मी आणखी बारीक झालो. चिवट पोलादाला मला आता कोणी लावत नाही. पितळेचं, मऊ लोखंडाचं काम आलं तर नित्याच म्हणते की जुना काढा, त्याची धार पातळ आहे, मऊ कामाला तोच बरा. महिन्यातून दोनदा काढतात. उरलेले दिवस मी फळीवर असतो आणि नवा समोर फिरत असतो. त्याचा दात बोथट होऊन फिरवावा लागला की मी अजूनही मोजतो. मला त्याचा अजूनही हेवा वाटतो. तो हेवा जाईल असं मला वाटत नाही.

म्हणून मी तुम्हाला हेवा करू नका असं सांगणार नाही. मला ते जमलं नाही, तुम्हाला कसं सांगू? हत्यारं वापराल तर कामाप्रमाणे निवडा, नवं की जुनं हे बघू नका. बसवायची जागा आधी स्वच्छ पुसा, मग तिथे काहीही असो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या सकाळी गंध मलाही दिसलं होतं, आणि तीन दिवस मीही गप्प होतो. पण मला नुसते दात आहेत. बोलायला तोंड गुरुमूर्तीला होतं आणि ते तुम्हालाही आहे. तीन दिवस थांबू नका.